दामदुपटीचा विसर

(येथील वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना शंका आली असेल की, वर्तमानपत्र चालविणाऱ्याने गणिताच्या वाटेस का जावे? शंका रास्त आहे. परंतु ज्या गणिताचा निकाल शाळेच्या फळ्यावर न लागता विहिरीच्या तळाशी, खाणीच्या खड्ड्यात आणि अखेर माणसाच्या ताटात लागतो, ते गणित केवळ गणितज्ञांच्या हवाली करून निश्चिंत राहणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. उपसा दुपटीदुपटीने वाढत आहे आणि साठा मात्र जेवढ्यास तेवढा आहे, अशा वेळी काय घडते, हा आमचा पहिला प्रश्न आहे. आणि जे घडणार ते इतके उघड असूनही शहाणीसुरती माणसे त्याकडे डोळेझाक का करतात, हा दुसरा, आणि आमच्या मते अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

हा हिशेब शिकण्यासाठी आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नगरीच्या भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सिद्धांतशिरोमणी रचला. त्यातील लीलावतीच्या श्रेढीप्रकरणात एक उदाहरण आहे. एका दात्याने याचकास पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि पुढे रोज दुप्पट देण्याचे कबूल केले. तर एका महिन्यात त्याने किती निष्क दिले? त्या काळी वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क होई. आता गंमत पाहा. दहा दिवस उलटले तरी एकंदर दान दोन द्रम्मांच्याही आतच असते. वीस दिवसांनी ते सुमारे १०२ निष्कांवर जाते. दाता सधन असला तर अजूनही हसतमुखाने देत असेल. परंतु तीस दिवसांची बेरीज होते २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या आणि ६ कवड्या! वीस दिवसांत शंभर निष्क, आणि पुढच्या दहाच दिवसांत लाखाच्या वर. त्यातही अर्ध्याहून अधिक दान एकट्या शेवटच्या दिवसाचे.

दुपटीच्या वाढीचे सारे मर्म ह्या एका उदाहरणात आहे. एक, दोन, चार, आठ असे आकडे मांडून पाहा. आठ ही संख्या आधीच्या तिन्हींच्या बेरजेहून एकाने अधिक भरते. म्हणजे प्रत्येक नवी दुप्पट ही आजवरच्या सर्व उपशाच्या बेरजेला मागे टाकते. दर दहा वर्षांनी उपसा दुप्पट होत असेल तर येत्या दहा वर्षांत आपण जेवढे उपसू, ते आजवरच्या साऱ्या पिढ्यांनी मिळून उपसले त्याहून अधिक असेल. ही भीती घालण्याची भाषा नव्हे. ही बेरीज आहे. दुप्पट होण्यास किती काळ लागेल, हे काढणेही अवघड नाही. सत्तरास शेकडा वाढीने भागावे. शेकडा सात असेल तर दहा वर्षे, शेकडा दोन असेल तर पस्तीस वर्षे. आणि दर दहा वर्षांनी दुप्पट होणारी वस्तू शंभर वर्षांत १०२४ पट होते.

आपल्या समाजाला हे ज्ञान नव्हते काय? पुरेपूर होते, आणि ते कर्जाच्या रूपाने होते. दामदुपटीचा नियम आपल्या पूर्वजांनी का केला? व्याज कितीही तुंबले तरी एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येणार नाही, हे मनुस्मृतीपासून चालत आलेले बंधन मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही मानले. ह्या नियमामागील विचार दया एवढाच नव्हता. तो व्यवहाराचाही होता. चक्रवाढ व्याज रात्रंदिवस वाढते. त्यास दुष्काळ नाही आणि अवकाळीही नाही. शेत मात्र वाढत नाही. कागदावरचा आकडा आणि जमिनीवरचे पीक ह्यांच्या शर्यतीत जमीन हरणार हे ठरलेलेच असते, म्हणून कोठे तरी रेघ ओढणे भाग असते. जेथे ती रेघ पुसट झाली तेथे काय झाले? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, आमच्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. भाव कोसळले, कर्जे मात्र फुगतच राहिली. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या, तो वणवा गावोगाव पसरला आणि १८७९ साली सरकारास दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

तात्पर्य, चक्रवाढ म्हणजे काय हे ऋणकोला कोणी शिकवावे लागत नाही. मग आज आपण ते का विसरलो? कारण आज आपण स्वतःस धनको समजतो. वाढ ही आपली कमाई आहे, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः भूमी, पाणी, कोळसा, तेल आणि लोखंड ह्यांच्या दारी आपण ऋणकोच आहोत. आणि ह्या सावकाराने दामदुपटीचा नियम मान्य केल्याचे कोठेही लिहून दिलेले नाही.

डोळेझाकीची कारणे आम्ही एकेक करून आपल्यापुढे ठेवतो.

पहिले कारण असे की, शेकडेवारीचा आकडा दिसावयास लहान असतो. शेकडा सात म्हटले की ते कोणास मोठे वाटत नाही. उलट तेवढी वाढ झाली नाही तर अर्थमंत्र्यांना जाब विचारला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर १९७३ पर्यंत जगातील खनिज तेलाचा उपसा सालोसाल शेकडा सातच्या आसपास वाढत होता, आणि त्यास प्रगती हे नाव होते. आता एक हिशेब करा. आजच्या दराने शंभर वर्षे पुरेल एवढा एखाद्या खनिजाचा साठा आहे, असे समजा. उपसा दर वर्षी शेकडा सात वाढला तर तो साठा शंभर नव्हे, सुमारे तीस वर्षांत संपतो. कोणी म्हणेल, नवे साठे सापडतील. सापडोत! साठा चौपट निघाला, म्हणजे चारशे वर्षांचा निघाला, तरी त्याच वाढीने तो सुमारे पन्नास वर्षांतच संपतो. तीनशे वर्षांची नवी दौलत हाती येऊन आयुष्य वाढले ते केवळ वीस वर्षांनी.

दुसरे कारण असे की, संकट दृष्टीस पडते तेव्हा फार थोडा अवधी उरलेला असतो. कोल्हापूरचा रंकाळा किंवा पंचगंगेचे पात्र ज्यांनी पाहिले आहे त्यांस जलपर्णी माहीत आहे. समजा, एखाद्या तळ्यात ती दर पंधरा दिवसांनी दुप्पट होते. तळे पूर्ण झाकण्याच्या अडीच महिने आधी तिने किती भाग व्यापलेला असेल? बत्तिसावा. म्हणजे शेकडा सत्त्याण्णव पाणी मोकळे असते. त्या दिवशी जो गृहस्थ काठावर उभा राहून आरडाओरड करील त्यास लोक काय म्हणतील, हे आम्ही सांगावयास नको. आणि अर्धे तळे झाकले गेले म्हणून पंच जमतील, तेव्हा हातात पंधराच दिवस असतील.

तिसरे कारण अधिक फसवे आहे. विपुलता स्वतः कधी धोक्याची सूचना देत नाही. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचे एक निर्जन बेट आहे. १९४४ साली, युद्धाच्या धामधुमीत, तेथील ठाण्यावरच्या माणसांस अडीअडचणीला अन्न असावे म्हणून अमेरिकी तटरक्षक दलाने तेथे २९ रेनडियर हरणे सोडली. युद्ध संपले, माणसे गेली, हरणे राहिली. बेटावर त्यांना खाणारे श्वापद नव्हते, आणि दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींचा जाड थर शतकानुशतके साचलेला होता. १९५७ साली डेव्हिड क्लाइन हे शास्त्रज्ञ तेथे गेले तेव्हा हरणांची संख्या सुमारे १,३५० झालेली होती, आणि ती चांगली धष्टपुष्ट होती. १९६३ साली ती ६,००० भरली. त्याच हिवाळ्यात कडक थंडी आणि बर्फ पडले. अन्नाचा थर आधीच खरवडला गेलेला होता. १९६६ साली क्लाइन पुन्हा गेले, तेव्हा बेटभर सांगाडे पसरलेले होते आणि जिवंत हरणे उरली होती ४२. बंधुभगिनींनो, १९५७ सालच्या त्या पुष्ट हरणांना विचारले असते तर त्यांनी सर्व काही सुरळीत चालले आहे असेच सांगितले असते. ती व्याजावर जगत नव्हती, मुद्दल खात होती; परंतु खाताना दोहोंची चव सारखीच लागते.

हरणे बिचारी मुकी. त्यांस हिशेब ठेवता येत नव्हता. आपल्याला येतो. तरीही आपल्या पायांखालच्या पाण्याचे आपण काय केले आहे? भूगर्भातील पाणी उपसण्यात आज भारत जगात पहिला आहे. अमेरिका आणि चीन ह्या दोघांचा उपसा एकत्र केला तरी तो आपल्याहून कमी भरतो. २०२३ च्या सरकारी मोजणीप्रमाणे देशाचा वार्षिक उपसा सुमारे २४१ अब्ज घनमीटर आहे आणि त्यातील बहुतांश शेतीसाठी आहे. आमच्या दख्खनच्या काळ्या खडकात पाणी असते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. पाऊस हे त्याचे वार्षिक उत्पन्न आणि खोल भेगांतले पाणी ही ठेव. विहीर आटली म्हणून बोअर मारले. शेजाऱ्याने त्याहून खोल मारले. मग आपण त्याहूनही खोल. येथे चौथे कारण दिसून येते. पाण्याचा लाभ ज्याचा त्यास, आणि लगेच मिळतो. तोटा मात्र साऱ्या शिवाराचा, आणि तो हप्त्याहप्त्याने येतो. एकट्याने थांबावे तर शेजारी थांबत नाही. कोणीही वाईट नाही, प्रत्येकाचा हिशेब आपापल्या बांधापुरता बरोबर आहे. चुकते ती बेरीज. म्हणूनच महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी साठ मीटरहून खोल विहिरी घेण्यास मनाई करणे आवश्यक वाटले. कायदा झाला, बोअरच्या गाड्यांचा आवाज मात्र रात्रीबेरात्री अजून ऐकू येतो.

ह्या वाटेचे टोक २०१६ साली लातूरकरांनी पाहिले. मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी लातूरला पोहोचली. पुढे गाडीच्या टाक्या पन्नासपर्यंत वाढविल्या गेल्या. ज्या राज्यात देशातील सर्वांत अधिक मोठी धरणे आहेत, त्या राज्यातील एका शहराला आगगाडीने पाणी पाजावे लागले! कृष्णाकाठच्या पाण्याने लातूरची तहान भागली, ही शेजारधर्माची गोष्ट झाली. परंतु मिरजेपासून निपाणी-चिकोडीपर्यंत आणि पुढे घटप्रभेच्या काठापर्यंत जो ऊस आज डोलतो आहे, तोही मर्यादित पाण्यावरच उभा आहे, हे आपण विसरू नये. मिरजेच्या पाण्याला तूट आली तर गाडी कोठून येणार?

खालच्या अंगास गोव्याकडे पाहा. तेथे पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास लोहखनिजाची निर्यात वर्षास दहा लाख टनांच्या घरात होती. सत्तरीच्या आरंभी ती एक कोटीच्या घरात गेली. चीनची भूक वाढली तशी २०१०-११ साली ती पाच कोटी टनांच्या आसपास पोहोचली. डोंगर उलटे झाले, शेतांत लाल गाळ उतरला, विहिरी हटल्या. २०१२ साली खाणी बंद कराव्या लागल्या, आणि २०१४ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. इतकेच नव्हे, तर विक्रीतील एक हिस्सा भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवावा असेही सांगितले. जी रेघ समाजाने वेळीच ओढली नाही ती न्यायालयास ओढावी लागली. आणि मध्यंतरी ज्यांनी कर्ज काढून ट्रक आणि बार्ज घेतल्या होत्या, त्यांच्या घरच्या चुलीवर त्याची आच आली. वाढीचा कळस गाठेपर्यंत कोणी थांबला नाही, आणि थांबावे लागले तेव्हा ते एकाएकी थांबावे लागले.

पाचवे कारण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ह्यापूर्वी ज्यांनी धोक्याच्या घंटा वाजविल्या त्यांपैकी पुष्कळांचे अंदाज चुकले. मॅल्थसने १७९८ साली लोकसंख्येविषयी जे भाकीत केले ते त्याच्या इंग्लंडात खरे ठरले नाही. हबर्टने १९५६ साली सांगितले की अमेरिकेतील तेलाचे उत्पादन १९७० च्या सुमारास कळस गाठून उतरू लागेल. तसे ते १९७० साली उतरू लागलेही. परंतु खडकातून तेल काढण्याची नवी युक्ती सापडली आणि २०१८ साली जुना उच्चांक मोडला गेला. मग लोक म्हणतात, लांडगा आला म्हणून ओरडणारे हे तेच! आमचे उत्तर एवढेच की, भाकिते चुकली ती तारखेत. बेरीज चुकली नाही. नव्या युक्तीने कोठाराचे दार थोडे रुंद केले, कोठार अमर्याद केले नाही. शिवाय गोष्टीतला लांडगा शेवटी खरोखरच आला होता, हे विसरण्यासारखे नाही.

दुसरा एक आक्षेप आहे. काटकसरीची यंत्रे निघतील, मग कमी मालात भागेल. जेव्हन्स ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले की, वाफेची यंत्रे कमी कोळशावर चालू लागली तेव्हा कोळशाचा एकंदर खप घटला नाही, वाढला. कारण स्वस्त झालेले यंत्र हजार नव्या ठिकाणी बसले. ठिबक सिंचन ही उत्तम गोष्ट आहे. परंतु ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस उभा राहिला तर विहिरीस काय मिळाले? काटकसरीला मर्यादेची जोड नसेल तर ती उधळपट्टीची मावशी होते.

आता कोणी निराश होऊन विचारील की, ही वक्ररेषा वाकविता येतच नाही काय? येते, आणि आपल्या डोळ्यांदेखत ती वाकली आहे. जगाची लोकसंख्या १९२७ साली दोनशे कोटी होती, १९७४ साली चारशे कोटी झाली आणि २०२२ साली आठशे कोटी. परंतु साठीच्या दशकात वर्षाला शेकडा दोनच्या वर गेलेला वाढीचा वेग आज एकाच्याही खाली आहे. भारतात एका स्त्रीमागे सरासरी सहाच्या आसपास मुले होत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण दोनवर आलेले आढळले. हे दुष्काळाने किंवा रोगराईने केले नाही. मुलींच्या शिक्षणाने, दवाखान्यांनी आणि विचारप्रसाराने केले. ह्या कामाची सुरुवात करणाऱ्यांत रघुनाथ धोंडो कर्वे ह्या मराठी माणसाचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून १९५३ पर्यंत समाजस्वास्थ्य मासिक चालविले, नोकरी गमावली, खटले सोसले. त्यांच्या वेळी देशाची लोकसंख्या आजच्या मानाने थोडी होती. तळे शेकडा सत्त्याण्णव मोकळे असतानाच ओरडणारे ते गृहस्थ होते. त्यांना लोकांनी काय म्हटले हे प्रसिद्ध आहे, आणि बरोबर कोण होते हेही आता सर्वांस ठाऊक झाले आहे.

पाण्याच्या बाबतीतही आपल्याजवळ असा दाखला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतले गाव. पोपटराव पवार ह्यांच्या पुढाकाराने गावाने आधी डोंगरउतारावर पाणी अडविले. परंतु आमच्या मते त्यांचा मोठेपणा अडविण्यात नसून मोजण्यात आहे. दर वर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो: पिण्यास इतके, जनावरांस इतके, आणि उरेल त्यात कोणते पीक घ्यावयाचे ते ठरते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. शेजाऱ्यावर पाळत ठेवण्याचा प्रश्नच राहिला नाही, कारण रेघ सर्वांनी मिळून ओढली. ही दामदुपटीची रेघच होय. फक्त ती कर्जाच्या वहीत न ओढता जमिनीच्या पोटात ओढली आहे.

कोलोरॅडो विद्यापीठात अल्बर्ट बार्टलेट नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. ह्याच विषयावरील एक व्याख्यान त्यांनी १९६९ साली प्रथम दिले आणि २०१३ साली निधन होईपर्यंत ते सतराशेहून अधिक वेळा दिले. एकच साधी बेरीज सतराशे वेळा सांगावी लागते, ह्यातच माणसाच्या स्वभावाची परीक्षा झाली. आमचे हे एक व्याख्यान ऐकून आपण सारे बदलाल, असा आमचा भ्रम नाही. आमची मागणी लहान आहे. ह्यापुढे कोणी पुढारी, कारखानदार किंवा अधिकारी आपणापुढे वाढीची योजना घेऊन येईल, तेव्हा त्याच्या गळ्यात हार घालण्यापूर्वी त्यास तीन प्रश्न विचारा. ही वाढ दुप्पट किती वर्षांत होणार? त्या दुपटीस लागणारे पाणी, माती आणि माल कोठून येणार? आणि तो साठा कोणी, केव्हा मोजला? उत्तरे मिळाली तर योजनेस खुशाल हातभार लावा. न मिळाली तर समजा की आपल्यापुढे दोन कवड्यांचे दान मागणारा उभा आहे, आणि आज महिन्याची पहिली तारीख आहे की विसावी, हे त्यालाही ठाऊक नाही.

पाण्याची वही ग्रामसभेत आणि नगरपालिकेत उघडी ठेवावी, ती दर पावसाळ्यानंतर वाचली जावी, आणि तीत जमेहून खर्च अधिक दिसला तर त्याच सभेत हात वर करून तो कमी केला जावा. ह्याला लागतात एक पर्जन्यमापक, एक वही आणि शेजाऱ्याशी बोलण्याची तयारी. ह्यांतले काहीही मुंबई, बेंगळुरू किंवा दिल्लीहून येण्याची वाट पाहावी लागत नाही. येत्या पावसाळ्यानंतरच्या पहिल्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.